आधी आजी, मग वही: नॉर्वेतल्या लोककथा टिपायच्या आणि जपायच्या कशा

प्रश्न थोडक्यात असा: आम्ही नॉर्वेच्या टेलेमार्क जिल्ह्यात राहतो. शेजारच्या ८८ वर्षांच्या आजींना पुष्कळ जुन्या गोष्टी येतात, आणि त्यांच्या आजोबांची जुन्या वळणाच्या अक्षरातली एक वहीही त्यांच्याकडे आहे. हे सगळं नीट टिपून ठेवायचं आहे आणि पुढे त्यातलं काही इथल्या मराठी मुलांसाठी मराठीत आणायचं आहे. सुरुवात कुठून करू? आणि आस्ब्यॉर्नसेन-मू या एकोणिसाव्या शतकातल्या कथासंकलकांनी सगळं छापून ठेवलेलं असताना हा खटाटोप करण्यात अर्थ आहे का?

सुरुवात आजींपासून करा. वही शंभरेक वर्षं टिकली आहे. कोरड्या, काळोख्या कपाटात ती आणखी एक हिवाळा सहज काढेल. ८८ वर्षांच्या माणसाच्या आठवणीचं तसं नसतं. बहुतेक लोक नेमकं उलट करतात, कारण वही स्कॅन करायला कुणाची वेळ मागावी लागत नाही. वहीला बुरशीचा वास येत असेल किंवा पानं एकमेकांना चिकटली असतील तरच ती आधी हातात घ्या.

आता ‘सगळं छापून झालंय’ याबद्दल. पीटर क्रिस्टेन आस्ब्यॉर्नसेन (१८१२–१८८५) आणि यॉर्गेन मू (१८१३–१८८२, स्पेलिंग पाहून आपण ‘मो’ म्हणतो, उच्चार ‘मू’) यांची पहिली पुस्तिका १८४१ ची. तिच्यावर संकलकांची नावंसुद्धा नव्हती. दोघांनी केलेलं काम मोठं आहे, पण आज आपण ज्याला नोंद म्हणतो ते ते नव्हे. १८१४ पर्यंत नॉर्वे डेन्मार्कच्या अमलाखाली होता आणि लिहायची भाषा डॅनिश होती. गोष्टी ऐकल्या बोलीत आणि उतरवल्या त्या डॅनिशमध्ये, वाक्याची चाल मात्र नॉर्वेजियन ठेवून. एकाच कथेची चार गावची चार रूपं मिळाली की त्यांतली उत्तम अंगं जुळवून एक रूप छापलं. १८५२ च्या दुसऱ्या आवृत्तीत मू यांनी लांबलचक प्रस्तावना आणि टिपा जोडल्या, कोणतं रूप कोणत्या भागातलं हे सांगितलं. पण सांगणाऱ्या माणसाचं नाव क्वचितच सापडतं. आस्ब्यॉर्नसेनच्या १८४५ आणि १८४८ च्या हुल्द्रा-कथांच्या (हुल्द्रा म्हणजे जमिनीखालच्या लोकांतली शेपटीची बाई) पुस्तकांत कबर खणणारा, पाणचक्कीवरचा म्हातारा असे सांगणारे दिसतात खरे, पण ती चौकट साहित्यिक आहे. तिला मुलाखत समजू नका.

गंमत अशी की आस्ब्यॉर्नसेन प्राणिशास्त्राचा माणूस. १८५३ मध्ये हार्डांगर फ्योर्डच्या खोल पाण्यातून ब्रिसिंगा नावाचा तारामासा त्याने वर काढला. समुद्रातला नमुना ठिकाणाची चिठ्ठी लावल्याशिवाय कुठलाही प्राणिशास्त्रज्ञ बरणीत घालत नाही. कथांच्या बरण्यांवर मात्र चिठ्ठ्या राहून गेल्या.

छापताना काही गोष्टी गाळल्या आणि बदललेल्याही आहेत. चुलीपाशी राखेत बसून असणारा धाकटा भाऊ आज ‘आस्केलाद्देन’ म्हणून सगळ्या देशाला माहीत आहे. गावागावांतल्या तोंडी कथांत त्याचं नाव ‘ओस्केफिस’ किंवा ‘आस्केफिस’ असं, सभ्य दिवाणखान्यात न शोभणारं होतं. संग्रहातल्या चावट गोष्टी तर थेट १९७७ मध्ये पुस्तकरूपाने आल्या. त्यामुळे आजींनी सांगितलेली गोष्ट छापील गोष्टीच्या कितीही जवळची असली तरी कोणी, कुणाकडून, कुठे, कधी आणि कोणत्या बोलीत ऐकली ही चिठ्ठी तुम्हालाच मिळू शकते. कथा एकवेळ दुसरीकडे सापडेल. ही चिठ्ठी सापडणार नाही. खालचं सगळं काम त्या चिठ्ठीसाठी आहे.

विचारायचं कसं

‘तुम्हाला लोककथा येतात का?’ असं विचारलंत तर उत्तर ‘नाही’ येईल. ‘लोककथा’ म्हणजे पुस्तकातली, आणि आपल्याला येतात त्या ‘अशाच, जुन्या लोकांच्या बोलण्यातल्या’ असं सांगणाऱ्याला वाटत असतं. म्हणून प्रकाराचं नाव न घेता जागेबद्दल आणि कामाबद्दल विचारा. नाताळच्या आदल्या रात्री गोठ्यात लापशी कुणासाठी ठेवायचे? उन्हाळी कुरणावरच्या सेतेरमध्ये रात्री एकटं असताना काय करायचं नाही? त्या टेकाडावर नांगर का घालत नाहीत? धबधब्यापाशी सारंगी शिकायला कोण जायचं? एका जागेच्या नावामागे दोन-तीन गोष्टी दडलेल्या असतात. शक्य असेल तर आजींना गाडीतून त्या जागी न्या, किंवा निदान शेताचा मोठा नकाशा टेबलावर पसरा. नकाशावर बोट फिरायला लागलं की प्रश्नांची गरज उरत नाही.

तुमच्या बाबतीत एक वेगळी अडचण आहे. परदेशी माणूस समोर असला की नॉर्वेतली वयस्क माणसं आपली बोली सोडून पुस्तकी वळणाचं बोलू लागतात. याला त्यांच्याकडे ‘क्नूते’ म्हणतात, आणि ते मुद्दाम केलेलं नसतं. गोष्ट आखडते, लय जाते, ‘तुला हे काय ते माहीत नसेल’ म्हणून मध्येच खुलासे येतात. उपाय सोपा आहे: ऐकणारा दुसरा बसवा. आजींचं नातवंड, त्याच गावची मैत्रीण, कोणीही चालेल. बोली तीच हवी. गोष्ट त्या माणसाला सांगू द्या, तुम्ही यंत्र सांभाळा. तुमचं नॉर्वेजियन कितीही चांगलं असलं तरी हे करा.

एका बैठकीत ४५ मिनिटं ते एक तास पुरे. कॉफी आधी, टिपण नंतर. कपबश्यांचा खणखणाट ध्वनिमुद्रणातून कधीच निघत नाही. मध्येच चूक दुरुस्त करू नका, ‘पुस्तकात तर तीन बकरे आहेत’ असं तर कधीच नाही. ‘हं हं’ करण्याऐवजी मान हलवा. आजी थांबल्या तर मनात दहा अंक मोजा. सर्वांत चांगला भाग पुष्कळदा त्या शांततेनंतर येतो. आणि तीच गोष्ट तीन-चार आठवड्यांनी पुन्हा सांगायला लावा. दोन्ही वेळा जे शब्द तसेच आले ते पक्के, परंपरेने आलेले. जे बदललं ते त्या दिवशीचं. एकदाच टिपलेल्या गोष्टीत हा फरक कळतच नाही.

पुस्तकातून आलेली गोष्ट कशी ओळखायची

आजी शाळेत गेल्या तेव्हा नूर्दाल रोल्फसेन यांचं वाचनपुस्तक (पहिला भाग १८९२) पिढ्यान्‌पिढ्या वर्गात फिरून गेलं होतं आणि त्यात या कथा होत्या. पुढे ईव्हो काप्रीनोचे बाहुलीपट आले. म्हणजे तोंडी ऐकलेलं छापलं गेलं, छापलेलं वाचून पुन्हा तोंडी आलं. खुणा अशा: नायक ‘आस्केलाद्देन’च असतो, दुसरं नाव येत नाही, संवाद शब्दशः जुळतात, गोष्ट ऐन बूकमोलमध्ये (डॅनिशच्या जवळच्या लेखी नॉर्वेजियनमध्ये) सुरू होते आणि मधल्या गप्पा बोलीत, ट्रोलचं (डोंगरातल्या राक्षसाचं) वर्णन हुबेहूब किट्टेलसेन किंवा व्हेरेन्शोल्ड या चित्रकारांच्या पुस्तकातल्या चित्रातलं असतं. शंका आली तर गोष्टीतला चार-पाच शब्दांचा एखादा विचित्र तुकडा घेऊन राष्ट्रीय ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात शोधा; नॉर्वेतल्या जोडणीवरून तिथली बहुतेक जुनी पुस्तकं पूर्ण वाचता येतात.

पुस्तकी निघाली म्हणून गोष्ट टाकून देऊ नका. ‘शाळेच्या पुस्तकातून, आईने पुन्हा सांगितलेली’ हीसुद्धा चिठ्ठीच आहे. मात्र ती ‘पिढीजात’ म्हणून नोंदवणं हा गुन्हा.

यंत्र आणि आवाज

साधा हातात मावणारा रेकॉर्डर पुरतो. फॉरमॅट वेव्ह, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. मोनो ठेवलंत तर तासाला सुमारे ५२० एमबी, स्टिरिओ केलंत तर त्याच्या दुप्पट. एका माणसाच्या आवाजाला मोनो पुरे, ऐकणाराही बोलणार असेल तर स्टिरिओ. एमपी३ मध्ये टिपू नका: त्यात जे गाळलं जातं ते परत येत नाही, आणि बोलीतले घोष-अघोष, ओढलेले स्वर अभ्यासायचे असतील तर नेमकं तेच लागतं. फोन वापरायची वेळ आलीच तर आधी विमान-मोड लावा आणि ‘आवाज सुधारा’ प्रकारचं सगळं बंद करा. अशी सोय हळू बोललेले शब्दही गोंगाट समजून पुसते.

माइक तोंडापासून २०–३० सेंटीमीटरवर, थोडा बाजूला, टेबलावर थेट न ठेवता घडी घातलेल्या लोकरी शालीवर. पातळी अशी लावा की सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. आजी ट्रोलच्या आवाजात ओरडल्या की फाटणार नाही इतकी जागा हवी. फ्रीज, हीट पंप, भिंतीवरचं घड्याळ आणि लाकडाची शेगडी हे नॉर्वेजियन स्वयंपाकघरातले चार शत्रू. फ्रीज बंद केलात तर तुमच्या गाडीची किल्ली त्यात ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायचा राहणार नाही. सुरुवातीला तारीख, जागा, हजर असलेल्यांची नावं बोलून टिपा, आणि शेवटी अर्धा मिनिट कोणी न बोलता खोलीचा आवाज घ्या. पुढे साफसफाई करणाऱ्याला तो लागतो.

घरी आल्यावर त्याच दिवशी फाइल उतरवा. मूळ फाइलला कधी हात लावायचा नाही, कापाकापी फक्त प्रतीवर. नावात तारीख आधी वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने, मग शेताचं नाव, मग बैठकीचा क्रमांक. ‘आजी नवीन अंतिम २’ असल्या नावाच्या फाइली दहा वर्षांनी कुणालाच उलगडत नाहीत. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या घरात; प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल बदलली की बदलणारा पडताळणीचा आकडा) मजकूर-फाइलमध्ये लिहून ठेवा आणि वर्षातून एकदा ताडून पाहा. बाहेरची हार्ड डिस्क पाचेक वर्षांनी बदला, चालत असली तरी.

चिठ्ठीवर काय लिहायचं

सांगणाऱ्याचं नाव, जन्मवर्ष, जन्माचं शेत आणि आताचं शेत; गोष्ट कुणाकडून ऐकली, तो माणूस कुठला; ऐकली तेव्हा वय किती, काम काय चाललं होतं (विणताना, दूध काढताना, मासे साफ करताना); समोर कोण बसलं होतं; आधी कधी कुणाला सांगितली होती का. शेतांची नावं आडनावांत उतरलेली असल्यामुळे ‘आडनाव म्हणजे गाव’ असं धरायची चूक होते. तसं धरू नका. गावाबरोबर शेताचा जमीन-नोंदणी क्रमांक आणि जुन्या चर्चच्या परगण्याचं नावही लिहा. कारण जिल्हे हलतात: टेलेमार्क १ जानेवारी २०२० ला व्हेस्तफोल्डमध्ये विलीन झालं आणि १ जानेवारी २०२४ ला पुन्हा वेगळं झालं. त्या चार वर्षांतल्या नोंदींवर नुसतं जिल्ह्याचं नाव असेल तर गोष्ट डोंगरातली की किनाऱ्यावरची हे पुढच्या माणसाला कळणार नाही.

संमती चार तुकड्यांत घ्या: संग्रहालयात ठेवायला, अभ्यासकांना ऐकवायला, इंटरनेटवर टाकायला, भाषांतर करून छापायला. एका सहीत सगळं गुंडाळलं की वारसांना पुढे नक्की काय कबूल होतं हे ठरवता येत नाही. आवाजातच एकदा होकार घेतला तर उत्तम.

लिहून काढणं

बोलीतल्या एका तासाच्या आवाजाला सहा-आठ तास धरा, सुरुवातीला त्याहून जास्त. दोन थर ठेवा. पहिला थर बोलीच्या जवळचा: ‘मी’साठी आजी जे रूप वापरतात तेच, क्रियापदांचे शेवट तेच, ‘असं म्हणाला तो’ची जितकी वेळ पुनरुक्ती आहे तितकी सगळी, वर्तमान-भूतकाळाची उडी जशीच्या तशी. दुसरा थर सामान्य वाचकासाठी नीनॉर्स्क (बोलींवरून घडवलेली दुसरी लेखी नॉर्वेजियन) किंवा बूकमोलमध्ये. टेलेमार्कच्या बोलीला नीनॉर्स्क जवळचं. बूकमोलमध्ये घातलंत की वाक्यं पटकन आस्ब्यॉर्नसेनसारखी वाटू लागतात आणि हात आपोआप ‘सुधारायला’ जातो.

ध्वनिलिपीत लिहायचा मोह टाळा. आवाज जपलेला आहे. लागेल तो अभ्यासक ध्वनी तिथून घेईल. अर्धवट शिकलेली ध्वनिलिपी साध्या अक्षरांपेक्षा जास्त दिशाभूल करते. न कळलेला शब्द अंदाजाने भरू नका. चौकटी कंसात वेळ लिहा, मिनिट-सेकंदासकट, आणि पुढच्या भेटीत विचारा. स्वयंचलित लिप्यंतर हल्ली नॉर्वेजियनला बरंच जमतं, पण ते बोलीला गुपचूप बूकमोल करतं. म्हणजे चुका दिसत नाहीत, आणि तेच त्यातलं वाईट.

वही

स्वच्छ, कोरड्या हातांनी हाताळा. कागदासाठी सुती हातमोजे नकोत, बोटांची जाणीव जाते आणि पानं फाटतात. गंजलेल्या पिना-क्लिपा असतील तर हळूच काढा. चिकटपट्टी कुठेही लावू नका, ‘तात्पुरती’ म्हणूनसुद्धा नाही; तिचा गोंद कागदात उतरतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचा लाकडाच्या लगद्याचा कागद स्वतःच्याच आम्लाने ठिसूळ होतो, म्हणून आम्लरहित लिफाफा आणि पेटी घ्या. तळघर आणि पोटमाळा दोन्ही नकोत. घराच्या मधल्या, थंडाव्याच्या खोलीतलं कपाट बरं.

स्कॅन रंगीत, ४०० डीपीआय, टिफ. ए४ आकाराचं एक पान साधारण ४६ एमबी होईल. फिकट पेन्सिल असेल तर ६०० डीपीआय. कोरी पानं, पुठ्ठा, मध्ये सापडलेलं वाळलेलं पान किंवा बिल, सगळं क्रमाने. हिशोबाच्या पानाच्या कडेला तीन शब्द लिहिलेले असतील तर तेही: जुने टिपणारे पुष्कळदा कथेचे नुसते खुणेचे शब्द लिहीत आणि पूर्ण मजकूर नंतर बसून रचत.

अक्षर गॉथिक वळणाचं असणार. त्यात ‘ई’ हे ‘एन’सारखं दिसतं, आणि ‘यू’वर छोटी वक्र खूण असते, ती ‘एन’पासून वेगळं ओळखता यावं म्हणून, ती खूण स्वरचिन्ह समजून चुकीचे शब्द वाचले जातात. आधी ओळखीची नावं आणि महिने शोधा आणि त्यांवरून लिहिणाऱ्याची स्वतःची वर्णमाला कागदावर तयार करा. ट्रान्सक्रिबुससारख्या हस्ताक्षर वाचणाऱ्या साधनाला नॉर्वेजियन हस्ताक्षरं बरीच वाचता येतात, पण वहीची पहिली पंधरा-वीस पानं तुम्ही हाताने वाचून काढल्याखेरीज त्याच्या चुका ओळखता येणार नाहीत.

तारखेचा अंदाज घेताना जपून. ‘ओ’ उच्चाराचं डोक्यावर वर्तुळ असलेलं अक्षर नॉर्वेत अधिकृतपणे १९१७ मध्ये आलं, त्याआधी दोन ‘ए’ लिहीत. पण शाळेत जे शिकले ते लोक मरेपर्यंत लिहितात, त्यामुळे जुनं स्पेलिंग म्हणजे जुनी नोंद असं होत नाही. आणि आजोबांनी वर्तमानपत्रातून किंवा पंचांगातून उतरून घेतलं असेल, तर वर सांगितलेला शब्दतुकड्यांचा शोध इथेही लावा.

क्रमांक लावणं

लोककथेचं कथानक ओळखण्यासाठी, प्रत्येक कथानकाला क्रमांक देणारी आर्ने–थॉम्पसन–ऊथर यांची सूची वापरतात (आर्नेची पहिली १९१० ची, ऊथरची २००४ ची). नॉर्वेजियन कथांसाठी हूद्ने यांची १९८४ ची सूची हाताशी असली की काम झटपट होतं. क्रमांक सांगाड्यावरून लावा, नावांवरून नाही. आस्केलाद्देन आणि ट्रोल यांची खाण्याची पैज घ्या: दगड पिळल्याचं सोंग करून चीज पिळणं हा १०६०, आणि पिशवीत लापशी ओतून पोट चिरल्याचं दाखवणं हा १०८८. एका गोष्टीला दोन क्रमांक, यात काही चूक नाही.

क्रमांक एकच म्हणून गोष्ट इथून तिथे गेली असंही नव्हे. ज्याच्या अंगात काळीज नाही त्या राक्षसाची नॉर्वेजियन गोष्ट ३०२ क्रमांकाची: तळं, तळ्यात बेट, बेटावर चर्च, चर्चमध्ये विहीर, विहिरीत बदक, बदकात अंडं आणि अंड्यात काळीज. मेरी फ्रीअर यांनी १८६८ मध्ये छापलेल्या दख्खनी कथांत पोपटात प्राण ठेवणारा जादूगार आहे. ती ॲना लिबेराटा डिसूझा या गोव्याकडच्या ख्रिस्ती घरातल्या आयाने सांगितलेली. (फ्रीअरबाईंनी ॲनाचं नाव आणि तिची हकीकतसुद्धा छापली, चिठ्ठीच्या बाबतीत त्या काळात ही दुर्मीळ गोष्ट.) तुमच्या मुलांना हे नातं दाखवाच, पण ‘मूळ आपलंच’ असं सांगू नका.

आजींच्या गोष्टींतल्या बऱ्याच मात्र ‘एव्हेंतूर’ (कल्पित कथा) नसतील, ‘सांग्न’ असतील: खरं घडलं म्हणून सांगितलेल्या आख्यायिका. त्यांना वेगळी सूची आहे, रेइदार क्रिस्तियानसेन यांची १९५८ ची. ‘काळ्या पुस्तका’च्या म्हणजे जादूच्या पोथीच्या विद्येच्या गोष्टी ३००० च्या आसपास, पाताळवासींच्या बाळंतपणाला गेलेली सुईण ५०७०, नव्या कपड्यांनी ऐटबाज झालेला निस्से (गोठ्याचा राखणदार) ७०१५, काळ्या मृत्यूच्या म्हणजे प्लेगच्या आख्यायिका ७०८०. सीमा कायम पक्की नसते. डोव्ह्रेच्या घरात नाताळच्या रात्री शिरलेले ट्रोल आणि पांढरं अस्वल ही गोष्ट कथासूचीत ११६१ आहे, आणि आख्यायिकांच्या सूचीतही तिची जवळची जागा ६०१५ वर आहे. दोन्ही क्रमांक लिहून मोकळे व्हा.

आख्यायिकांबाबत खरी सावधगिरी दुसरीच. त्यांत खरी माणसं असतात. अमक्याच्या पणजीचं मूल पाताळवासींनी बदललेलं होतं, तमक्या शेतावर नको असलेलं बाळ पुरलं होतं आणि रात्री रडतं. ती कुटुंबं आजही त्याच दरीत राहतात. अशा नोंदी टिपा, पण ‘बंद’ खूण करून ठेवा आणि किती वर्षांनी उघडायच्या ते आजींशी बोलून ठरवा. आजी सामी (उत्तरेकडचे मूळ रहिवासी) किंवा तातर (नॉर्वेतले भटके रोमानी) घरातल्या असतील तर प्रकाशनाआधी त्या समाजाच्या संस्थांशी बोला. सामी कथांचं जुनं मोठं संकलन युस्त क्विगस्ताद यांचं, १९२७ ते १९२९ मधले चार खंड. त्यामागे ईसाक साबासारख्या सामी टिपणाऱ्यांचे हात होते.

कुठे द्यायचं, कशाची परवानगी लागते

ओस्लोतली ‘नॉर्स्क फोल्केमिन्नेसाम्लिंग’ १९१४ पासूनची. तिचे जुने कागद कथेनुसार नाही तर टिपणाऱ्याच्या नावाने लावलेले आहेत, म्हणजे शोधताना ‘मोल्टके मू, अमुक वही’ असा पत्ता लागतो. (मोल्टके हा यॉर्गेनचा मुलगा, १८७८ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, तो टेलेमार्कमध्येच टिपत फिरत होता आणि १८८६ मध्ये या विषयाचा पहिला प्राध्यापक झाला.) तुमच्या दरीतून त्याने किंवा टेलेमार्कचे लोकसाहित्य-संग्राहक रिकार्ड बेर्गे यांनी काही नेलं आहे का हे आधी पाहा, आजींच्या घराण्यातलंच कुणी तिथे सापडू शकतं. मूळ वही घरात राहू द्या किंवा स्थानिक संग्रहालयात द्या, पण स्कॅन, आवाज, दोन्ही थर आणि चिठ्ठ्या यांची एक पूर्ण जोडणी संग्रहाकडे जायलाच हवी. घरातली डिस्क कितीही चांगली असली तरी तिची काळजी तुम्ही गेल्यावर कोणी घेत नाही. देण्यापूर्वी त्यांना कोणती यादी, कोणता फॉरमॅट हवा ते विचारा; आधी सहा महिने काम करून मग विचारणारे तेच काम दोनदा करतात.

हक्कांचा हिशोब: लेखक-संपादकाच्या मृत्यूवर्षाअखेरपासून ७० वर्षं. आस्ब्यॉर्नसेन आणि मू केव्हाच मोकळे. बेर्गे १९६९ मध्ये गेले, त्यांचा मजकूर २०३९ अखेरपर्यंत संरक्षित. कथानक कुणाचंच नसतं, पण त्याचे छापील शब्द कुणाचे तरी असतात. मराठीत आणताना हाताशी आधुनिक इंग्रजी भाषांतर असेल तर सर्वांत मोठा धोका तिथेच.

मराठीत आणताना

इथे जपून. ‘हुल्द्रा’ला हडळ म्हणू नका: हडळ मेलेल्या बाईची होते, हुल्द्रा कधी मेलेलीच नसते. ती जमिनीखालच्या जिवंत लोकांतली, गाई पाळणारी, पाठीमागे शेपूट लपवणारी. चर्चमध्ये लग्न लागलं की शेपूट गळून पडते असंही सांगतात. ‘निस्से’ म्हणजे मुंजा नव्हे. तो गोठ्याचा, घोड्याचा राखणदार, लापशीवर लोणी नसलं की चिडणारा. ‘ड्रौग’ मात्र कोकणातल्या गिऱ्ह्याच्या पुष्कळ जवळ आहे, बुडून मेलेला आणि पाण्यापाशी वाट पाहणारा. तरी अर्ध्या होडीतून येणारा तो ड्रौगच ठेवा आणि गिऱ्ह्याचा उल्लेख टिपेत करा. ट्रोलला ‘राक्षस’ चालतो, पण मग सूर्यप्रकाशात दगड होणं मुलांना गोष्टीतच सांगावं लागतं. लापशी, सेतेर, बर्फावरच्या पट्ट्या यांची चिंता करू नका. मुलं ते रोज पाहतात, अडचण आजी-आजोबांना होईल.

तीनचा आकडा मोडू नका. तीनदा आलेलं तीनदाच, शब्दही तेच. छापताना कंटाळवाणं वाटलं तरी मोठ्याने वाचल्यावर वाटत नाही. आणि शेवटाबद्दल: ‘स्निप स्नाप स्नूते, सो एर एव्हेंतूरे ऊते’ हे यमकाचं निरर्थक गमतीचं वाक्य आहे, त्याला ‘साठां उत्तरांची कहाणी पाचां उत्तरीं सुफळ संपूर्ण’ जोडू नका, ते व्रताचं आहे. असंच एखादं अर्थ नसलेलं यमक मराठीत जुळवा. पण आधी ध्वनिमुद्रण ऐका. आजी हे वाक्य म्हणत नसतील, गोष्ट संपली की नुसत्या ‘हं, तर असं’ म्हणून कप उचलत असतील, तर पुस्तकातही तेच छापा.